कोणती शाळा चांगली? टाय पाहू नका, पट पाहा!

उन्हाळा तापू लागला की उत्तर नागपुरातल्या आपल्या वस्त्यांमध्ये एकच चर्चा सुरू होते. इंदोरा असो की बेझनबाग, लष्करीबाग असो की पाचपावली, वैशालीनगर असो की टेकानाका, नळावर, किराणा दुकानात, विहारातली वंदना आटोपल्यावर बाया एकमेकींना विचारतात, "यंदा पोराला कुठं टाकता?" उत्तर बहुतेक ठरलेले असते, "कॉन्व्हेंटमध्ये." आपल्याकडे इंग्रजी माध्यमाच्या कोणत्याही शाळेला कॉन्व्हेंटच म्हणतात, मग ती दोन खोल्यांत, टिनाच्या छपराखाली का भरत असेना!

बाजारात पावशेर वांगी घेताना आपल्या आयाबहिणी एकेक वांगे उलटून पाहतात. लग्नाची साडी घ्यायची तर चार दुकाने पालथी घालतात. पण ज्या शाळेत लेकरू आयुष्यातली दहा वर्षे काढणार, ती मात्र आपण दारावरची पाटी, मुलांच्या गळ्यातला टाय आणि शेजाऱ्याचे बोलणे ऐकून निवडतो. घरची मिळकत ठिय्यावरच्या मजुरीची, धुण्याभांड्याची किंवा ऑटोची असेल, तर निवडीतली चूक फार महाग पडते. दोन-तीन वर्षे फी भरली, मग काम सुटले, फी थकली, दाखला अडला आणि मूल घरी बसले, असे आपल्या डोळ्यांदेखत घडत असते.

म्हणून या लेखात कोणत्याही एका शाळेची जाहिरात किंवा बदनामी नाही. आपल्या परिसरातल्या शाळांची तुलना पालकांनी स्वतः कशी करावी, एवढाच विषय आहे.

बाबासाहेबांनी दाखवलेला मापदंड

शाळा मोजायची कशी, हे बाबासाहेबांनी फार पूर्वी दाखवून ठेवले आहे. १२ मार्च १९२७ रोजी मुंबई कायदेमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर ते बोलले. सरकार शिक्षणावर दरडोई अवघे चौदा आणे खर्च करते आणि दारूच्या करातून मात्र त्याहून कितीतरी जास्त वसूल करते, हे त्यांनी आकड्यांनिशी मांडले. त्याच भाषणात त्यांनी आणखी एक आकडा सभागृहापुढे ठेवला. प्राथमिक शाळेत शिरणाऱ्या दर १०० मुलांपैकी फक्त १८ चौथीपर्यंत पोहोचतात. उरलेली ८२ पुन्हा निरक्षरांच्या गर्दीत मिसळतात.

विचार करा, बाबासाहेबांनी शाळेच्या इमारतीची उंची सांगितली नाही. किती शिरले आणि किती शेवटपर्यंत टिकले, हे सांगितले. जवळपास शंभर वर्षांनंतरही गरिबाच्या मुलासाठी यापेक्षा चांगला मापदंड सापडत नाही.

तो आपल्या वस्तीत असा वापरता येईल. शाळेत गेल्यावर मुख्याध्यापकांना नम्रपणे विचारा, "सर, यंदा पाचवीत किती मुले आहेत? पाच वर्षांपूर्वी पहिलीत किती होती?" आकडा घटलेला दिसला तर लगेच शाळेला दोष देऊ नका. मजुरांची कुटुंबे जागा बदलतात, गावी जातात. पण पुढचा प्रश्न जरूर विचारा, "मग ती मुले कुठे गेली?" ज्या शाळेला आपली गळलेली मुले नावानिशी आठवतात, जिथले गुरुजी किंवा मॅडम घरी जाऊन चौकशी करतात, ती शाळा विश्वासाची समजावी. "माहीत नाही, येणे बंद केले," असे उत्तर मिळाले तर सावध व्हावे.

दहावीच्या निकालालाही हाच हिशेब लावा. समजा, नववीत ४० मुले होती. त्यातली कच्ची मुले मागे ठेवली, काहींना दाखला देऊन "फॉर्म नंबर १७ भरून बाहेरून बसवा" असे सांगितले. परीक्षेला बसली २२ आणि पास झाली २२. दारावर फलक लागला, "निकाल १०० टक्के!" पण पालकाच्या हिशेबाने हा निकाल ५५ टक्केच. दुसऱ्या एखाद्या शाळेत नववीतली ४० च्या ४० मुले परीक्षेला बसवली आणि ३४ पास झाली, तर तिचा निकाल ८५ टक्के. फलकावर पहिली शाळा मोठी दिसते. आपल्या लेकरासाठी दुसरी मोठी आहे.

दारात किती प्रकारच्या शाळा आहेत?

पुष्कळ पालकांना "सरकारी" आणि "प्रायव्हेट" एवढे दोनच प्रकार माहीत असतात. प्रत्यक्षात निदान पाच प्रकार आहेत.

पहिला, महानगरपालिकेची म्हणजे आपल्या बोलीत कार्पोरेशनची शाळा. नागपूर महानगरपालिका मराठी, हिंदी, उर्दू आणि इंग्रजी अशा माध्यमांच्या शाळा चालवते. फी नाही, आठवीपर्यंत पुस्तके मोफत, गणवेश मोफत, दुपारचे जेवण मोफत. २०२१ पासून मनपाने आकांक्षा फाउंडेशन या संस्थेच्या सहकार्याने शहरात इंग्रजी माध्यमाच्या शाळाही सुरू केल्या. म्हणजे इंग्रजीसाठी फी भरलीच पाहिजे, असे आता राहिलेले नाही.

दुसरा, अनुदानित खासगी शाळा. संस्था खासगी असते, पण शिक्षकांचा पगार सरकारी तिजोरीतून म्हणजे तुमच्या-आमच्या करातून होतो. नागपुरातल्या पुष्कळ जुन्या मराठी शाळा या प्रकारात येतात. इथे शिकवण्याची फी नसते. मात्र काही ठिकाणी "इमारत निधी", "विकास निधी" अशा नावाने पैसे मागतात. प्रवेशासाठी देणगी घेणे कायद्याने बंद आहे. पैसे द्यावेच लागले तर पावती मागा. पावती मागितली की रक्कम पुष्कळदा आपोआप कमी होते!

तिसरा, विनाअनुदानित शाळा. कॉन्व्हेंट म्हणतात ती बहुधा हीच. इथे सगळा खर्च पालकाच्या फीतून चालतो. पण २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने या शाळांतल्या प्रवेशाच्या वर्गातील २५ टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांसाठी राखून ठेवल्या आहेत. अनुसूचित जातीच्या मुलांना या जागांसाठी महाराष्ट्रात उत्पन्नाची अट नाही, जातीचा दाखला लागतो. प्रवेश सोडतीने होतो.

चौथा, केंद्रीय विद्यालय. आपल्या शहरात अजनी, वायुसेनानगर आणि आयुध निर्माणी अंबाझरी येथे ही विद्यालये आहेत, शिवाय कामठीला आहे. लोकांचा समज असा की तिथे फक्त केंद्र सरकारच्या नोकरदारांची मुले जातात. त्यांना प्राधान्य आहे हे खरे, पण पहिलीच्या २५ टक्के जागा शिक्षण हक्काखाली भरतात आणि अनुसूचित जातीसाठी १५ टक्के आरक्षण आहे. अर्जच केला नाही तर सोडतीत चिठ्ठी कुठून निघणार?

पाचवा, जवाहर नवोदय विद्यालय. आपल्या जिल्ह्याचे नवोदय पारशिवनी तालुक्यात नवेगाव खैरी येथे आहे. सहावीत प्रवेश, राहणे-जेवणे-शिकणे तिथेच. निवड परीक्षा १०० गुणांची, त्यात बुद्धिमत्ता, गणित आणि भाषा. निदान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात. त्यामुळे शहरातल्या मुलाला स्पर्धा कठीण, पण ज्यांची लेकरे गावी आजी-आजोबांकडे शिकतात त्यांनी ही संधी सोडू नये.

जमा-खर्चाची वही

मी पेशाने कारकून, वाणिज्य शाखेचा पदवीधर. कोणतीही गोष्ट वहीच्या दोन बाजूंना मांडल्याशिवाय मला समजत नाही. तेव्हा एका कल्पित घराचा हिशेब मांडू. आकडे उदाहरणादाखल आहेत, तुम्ही आपल्या घरचे भरावेत.

समजा, कॉन्व्हेंटची फी महिन्याला १,५०० रुपये, म्हणजे वर्षाला १८,००० रुपये. ऑटोचे महिन्याला ८०० धरले तर दहा महिन्यांचे ८,०००. पुस्तके, दोन जोड गणवेश, बूट, टाय, दप्तर मिळून ७,०००. आईवडिलांना इंग्रजी येत नाही म्हणून शिकवणी लावावीच लागते, तिचे महिन्याला ५०० प्रमाणे दहा महिन्यांचे ५,०००. एकूण वर्षाला ३८,००० रुपये. दहा वर्षांचे ३ लाख ८० हजार, तेही फी एक रुपयाने वाढली नाही तर!

आता वस्तीतल्या मनपाच्या किंवा अनुदानित शाळेचा हिशेब. फी शून्य. चालत जाता येते म्हणून ऑटो शून्य. वह्या, बूट, दप्तर यांचे ३,०००. शिकवणी इथेही लावली असे धरू, ५,०००. एकूण ८,००० रुपये. फरक वर्षाला ३०,००० रुपयांचा.

या वहीत जमेची बाजूही आहे. पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलामागे १५० ग्रॅम धान्याचे शिजवलेले जेवण शाळेत मिळते. शिवाय आठवीत राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची परीक्षा असते. निवड झालेल्या मुलाला नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये, म्हणजे चार वर्षांत ४८,००० रुपये मिळतात. ही शिष्यवृत्ती फक्त शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या आणि अनुदानित शाळेतल्या मुलांसाठी आहे. कॉन्व्हेंटमधल्या मुलाला ती मिळत नाही, त्याचा बाप कितीही गरीब असो. ही गोष्ट आपल्या किती पालकांना ठाऊक आहे?

तिसरा हिशेब २५ टक्क्यांतल्या जागेचा. "फुकट नंबर लागला" म्हणून आपण पेढे वाटतो. आनंदच आहे. पण फी माफ झाली तरी ऑटो, वह्या-पुस्तके, गणवेश यांचा खर्च बहुधा पालकांच्याच माथी येतो. वरच्याच आकड्यांनी तो शिकवणी धरून वर्षाला २०,००० होतो. शिवाय एक मोठी गोष्ट प्रवेशाच्या दिवशी कोणी सांगत नाही. कायद्याचे संरक्षण आठवीपर्यंतच आहे. नववीत पाऊल टाकले की पूर्ण फी मागतात. मूल चौदा वर्षांचे, ऐन दहावीच्या तोंडावर, आणि शाळा बदलायची पाळी! म्हणून ज्यांच्या मुलाचा नंबर लागला त्यांनी पहिलीपासूनच नववी-दहावीसाठी महिन्याला थोडी रक्कम पोस्टात बाजूला टाकावी, किंवा आठवीनंतर जाण्यासाठी चांगली अनुदानित शाळा आधीच हेरून ठेवावी.

हा २५ टक्क्यांचा हक्क तरी किती नाजूक आहे, ते २०२४ साली दिसले. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलला. घराजवळ एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेवर २५ टक्क्यांचे बंधन राहणार नव्हते. नागपूरसारख्या शहरात एक किलोमीटरच्या आत अशी शाळा नाही, अशी वस्ती शोधूनच काढावी लागेल. म्हणजे हक्क कागदावर राहिला असता. पालक व संघटना न्यायालयात गेल्या. मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात त्या बदलाला स्थगिती दिली, १९ जुलै २०२४ रोजी तो रद्द ठरवला, आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप करण्यास नकार दिला. हक्क मिळाला म्हणून झोपी जायचे नसते, हा त्यातला धडा.

शाळेत जा, डोळ्यांनी पाहा

प्रवेशाआधी आई आणि वडील दोघांनी शाळेत जावे. एका दिवसाची मजुरी बुडेल, पण दहा वर्षांचा सौदा आहे. पुढील गोष्टी पाहा.

शिक्षक किती? कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीत ३० मुलांमागे एक आणि सहावी ते आठवीत ३५ मुलांमागे एक शिक्षक हवा. ६० पर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेतही निदान दोन शिक्षक हवेत. सहावीच्या पुढे गणित-विज्ञान, समाजशास्त्र आणि भाषा यांना वेगवेगळे शिक्षक आहेत का, ते विचारा. कॉन्व्हेंटमध्येही विचारा. शिकवणाऱ्या मॅडम डी.एड., बी.एड. झालेल्या आहेत का, आणि गेल्या वर्षीच्याच आहेत की दरवर्षी बदलतात?

संडास आणि पाणी. मुलींसाठी वेगळा संडास हवाच, पण तो उघडा आहे का, पाणी आहे का, आतून कडी लागते का, हे आईने स्वतः आत जाऊन पाहावे. मुलगी सहावी-सातवीत गेल्यावर शाळा बुडवू लागते, त्याचे कारण पुष्कळदा एवढेच असते आणि ती लाजेने सांगत नाही.

जेवण. दुपारच्या सुटीत जा. वरण किती पातळ आहे ते डोळ्यांना कळते. सगळी मुले एका पंगतीत बसतात का, वाढणारी बाई कोणाला वरून टाकत तर नाही ना, तेही पाहा. आपल्या समाजाला हे वेगळे सांगायला नको.

वह्या. शिकत असलेल्या एखाद्या मुलाची वही उलटून पाहा. तपासलेली आहे का? चूक सुधारून दिली आहे का, की नुसतीच लाल रेघ ओढली आहे?

आणि सर्वांत मोठी परीक्षा. त्या शाळेतल्या पाचवीच्या मुलाला दुसरीचे पुस्तक वाचायला द्या. 'असर' नावाची पाहणी ग्रामीण भागात २००५ पासून याच साध्या पद्धतीने मुलांचे वाचन तपासत आली आहे. शहरातल्या आईलाही ती घरच्या ओसरीवर करता येते. पोर अडखळत असेल तर ती शाळा मनपाची असो की टायवाली, शिकवणे कुठेतरी कमी पडते आहे.

शाळेत विचारायला संकोच वाटत असेल तर आणखी एक मार्ग आहे. प्रत्येक शाळेला अकरा आकडी युडायस क्रमांक असतो. घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाला किंवा मुलीला सांगा. युडायस प्लसच्या सरकारी संकेतस्थळावर शाळेचा पट, शिक्षक आणि सोयी यांची माहिती मोबाईलवर पाहता येते. कागदावर आहे आणि प्रत्यक्षात नाही, असे आढळले तर तेच तुमच्या अर्जाचे पहिले वाक्य.

इंग्रजीचा प्रश्न

"भाऊ, हे सगळं खरं, पण इंग्रजीचं काय?" असे पालक विचारतात, आणि तो प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्यांची स्वतःची मुले इंग्रजी शाळेत शिकतात, त्यांनी गरिबाला मातृभाषेचे महत्त्व सांगू नये. इंग्रजी हवीच. पण इंग्रजी येणे आणि इंग्रजी शाळेत बसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जिथे मॅडमच प्रश्नोत्तरे फळ्यावरून उतरवून देतात आणि मूल अर्थ न समजता पाठ करते, तिथे ना इंग्रजी येते ना मराठी, आणि गणित तर मुळीच नाही.

मधला रस्ता आहे. पुष्कळ मराठी शाळांत सेमी इंग्रजी वर्ग आहेत. त्यात गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकीचे विषय मराठीतून. बारावी विज्ञानाला किंवा डिप्लोमाला जायचे असेल तर याचा उपयोग होतो, आणि घरी आई अभ्यास विचारूही शकते. मनपाच्या इंग्रजी शाळा हाही एक रस्ता आहे. मात्र तिथेही वरच्या सगळ्या कसोट्या लावूनच जावे.

शाळा आपली, तर समितीही आपली

मनपाच्या शाळा वाईट म्हणून आपण मुले काढली. मुले गेली म्हणून पट घटला. पट घटला म्हणून शिक्षक कमी झाले, आणि शेवटी शाळेला कुलूप लागले. शहरातल्या कितीतरी मराठी शाळांची हीच कहाणी आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये तर २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा विचार सरकारनेच पुढे आणला. शाळा बंद झाल्यावर ज्याच्याकडे फी आहे तो दुसरीकडे जातो. ज्याच्याकडे नाही, त्याचे काय? बाबासाहेबांच्या आकड्यातली ती ८२ मुले नेमकी याच घरांतली होती.

या शहराचा इतिहासही आठवावा. कामठी-नागपूर रस्त्यावर डोक्यावर ओझी वाहणाऱ्या जाईबाई चौधरी शिकल्या, शिक्षिका झाल्या. अस्पृश्य बाई आपल्या मुलांना शिकवते म्हणून सवर्ण पालकांनी विरोध केला आणि त्यांची नोकरी गेली. त्यांनी १९२२ साली नागपुरात स्वतः संत चोखामेळा कन्याशाळा काढली. त्याआधी १९०७ मध्ये किसन फागुजी बनसोडे यांनी मुलींसाठी शाळा उघडली होती. पैसा नव्हता, कायदा पाठीशी नव्हता, तरी त्यांनी शाळा उभ्या केल्या. आज कायदा पाठीशी आहे आणि शाळा उभी आहे. तिच्यावर नजर ठेवण्याएवढेही आपण करू नये काय?

कायद्याने ते दारही उघडून दिले आहे. मनपाच्या शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात ७५ टक्के सदस्य पालक आणि निम्म्या महिला असल्याच पाहिजेत. अनुदान कसे खर्च झाले, शिक्षक वेळेवर येतात का, जेवण कसे आहे, हे विचारण्याचा या समितीला अधिकार आहे. पण आपल्या बाया सही करून परत येतात. "मला काय समजते?" म्हणतात. अहो, ज्या बाईला महिन्याचा किराणा तुटपुंज्या मजुरीत बसवता येतो, तिला शाळेच्या हिशेबाची वही समजणार नाही?

बाबासाहेबांचे नाव ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाले. महाराष्ट्रात तो दिवस २०१७ पासून विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. पुढे मुंबईत ते शिकले तेही एल्फिन्स्टन हायस्कूल या सरकारी शाळेतच. सरकारी शाळा हे कमीपणाचे लक्षण आहे, असे ज्यांना वाटते त्यांनी एवढे तरी ध्यानात घ्यावे.

तेव्हा यंदा प्रत्येक वस्तीने एक काम करावे. विहारात एका रविवारी दहा-बारा पालकांनी बसावे. एक किलोमीटरच्या आतल्या सगळ्या शाळांची नावे एका कागदावर लिहावी. पुढे पाच रकाने आखावे: पहिलीतले किती टिकले, शिक्षक किती, संडास-पाणी कसे, पाचवीचे मूल दुसरीचे पुस्तक वाचते का, आणि वर्षाचा खरा खर्च किती. दोन-दोन पालकांनी एकेक शाळा पाहून यावी आणि रकाने भरून तो कागद विहाराच्या फलकावर लावावा. ज्या शाळेचे रकाने चांगले भरतील तिथे दहा घरांनी मिळून मुले टाकावी आणि दहा घरांनी मिळूनच तिच्यावर लक्ष ठेवावे. एकट्या बापाने विचारले तर त्याला फाटकावरून परत पाठवतात. दहा आया एकदम गेल्या तर मुख्याध्यापक खुर्ची देतात.

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात. तोवर एवढा एक कागद भरून होऊ शकतो.

जय भीम!